घडीवरचा अंगठा

वाघोलीत आमचं वर्कशॉप एका गादी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली कापूस पिंजतात, वर आम्ही उपग्रहाचे भाग छापतो. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग खिडकीतून नगर रोडचा ट्रॅफिक बघत बसतात.

आम्ही प्लास्टिकच्या पट्ट्या छापतो. दिसायला साध्या, पण छापलेला आकार लक्षात ठेवणाऱ्या. पट्टी भट्टीत तापवायची, मऊ असतानाच तिची घडी घालायची आणि धरून ठेवून गार होऊ द्यायची. घडी टिकते. पुढे अवकाशात ऊन लागलं की पट्टी आपोआप उलगडून सरळ होते आणि तिच्याबरोबर सौरपॅनल उघडतं. मोटर नको, स्प्रिंग नको.

घडी घालायचं काम मैत्रीचं. चिमट्याने ओरखडा उठतो, म्हणून ती पातळ सुती ग्लोव्ह घालून अंगठ्याने दाबून धरायची. नियमात बसत नव्हतं. पण तिच्या घड्या इतक्या सुबक यायच्या की वर्कशॉप चालवणाऱ्या दिगंबर सरांसकट आम्ही सगळ्यांनी तिकडे सोयीस्कर काणाडोळा केला होता.

त्या दिवशी डिलिव्हरीची घाई होती. मी भट्टीचं तापमान वाढवलं आणि फळ्यावर लिहायचं राहून गेलं. मैत्रीने नेहमीसारखा अंगठा टेकवला. तिची किंकाळी ऐकून खालचं पिंजण थांबलं.

"कसं झालं हे?" सरांनी मला विचारलं.

"तिने जाड ग्लोव्ह घातला नव्हता, सर."

खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. भट्टीचा आकडा मी तोवर खाली आणून ठेवला होता. ती बरी झाली की सेफ्टी कमिटी बसेल, तिथे हेच सांग, असं सर म्हणाले. चूक तिची ठरली तर तिची नोकरी जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज संध्याकाळी स्वतःचीच लाज वाटायची.

कमिटीच्या आदल्या आठवड्यात नवी पट्टी छापली. घडी मी घातली, चिमट्याने. चाचणीच्या दिव्याखाली ती छान उलगडली, सरळ झाली आणि मग मधोमध हळूहळू खचू लागली. अंगठ्याएवढा खळगा पडला.

"हे माझ्या डिझाइनमध्ये नाहीये," शेफाली म्हणाली. पट्ट्यांची आखणी तिची. "तू दाबलंस का?"

"हात नाही लावला."

"मग काय पट्टीला स्वप्न पडलं?"

आम्ही दुसरी छापली. तिला घडीच घातली नाही, यंत्रातून काढून थेट दिव्याखाली ठेवली. तिलाही खळगा पडला. भिंगातून पाहिलं तर तळाशी बारीक, गोल फिरत गेलेल्या रेषा होत्या. शेफालीने भिंग खाली ठेवलं, चहाला म्हणून गेली आणि त्या दिवशी परत आली नाही.

मी मैत्रीला फोन केला.

"बरी आहे रे," ती म्हणाली. "पण अंगठा पार गुळगुळीत झालाय. एक रेघ राहिली नाही. फोनसुद्धा ओळखत नाही मला. आमोद, भट्टी नेहमीइतकीच होती ना? मला सारखं वाटतं, माझंच काहीतरी चुकलं."

पट्टी माझ्यासमोर टेबलावर होती.

"नेहमीइतकीच," मी म्हणालो.

दिवा बंद होता. पट्टी गार होती. का ते सांगता येणार नाही, पण मी त्या खळग्यात अंगठा ठेवला.

नेमका बसला.

पट्टी कोमट झाली. मग तिने हलकेच दाबलं, नाडी बघावी तसं. मी हात ओढून घेतला. भाजलं नव्हतं. दुखतही नव्हतं.

सोमवारी कमिटीची माणसं आत येऊन बसली होती. दारात मैत्री भेटली, हात ओढणीत लपवलेला. हजेरीच्या यंत्रावर तिने अंगठा टेकवला. लाल दिवा. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. ती ओशाळून बाजूला झाली.

"तू थंब कर आधी."

मी केला. हिरवा दिवा लागला.

"थँक्यू," यंत्र म्हणालं. पडद्यावर नाव उमटलं: मैत्री दशरथ गायकवाड.

तिने ते वाचलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"कोण आलं?" आतून सरांनी विचारलं.