बारा नंबरचं जाकीट

जा की, नाही कोण म्हणतंय? गर्दी नसलेलं, कुणाला फारसं ठाऊक नसलेलं बेट हवंय ना? आहेत तशी. एकावर पांढरीशुभ्र वाळू, एकावर नुसते पक्षी. तिसऱ्यावर खडक आणि एक गुहा, बास. माझा साडू बारा वर्षं त्या तिसऱ्यावर लोकांना न्यायचा, स्वतःच्या लाँचमधून. त्याचं काय झालं ते ऐका, मग खुशाल ठरवा. आणि तो मोबाईल ठेव रे बाजूला, मी काय भिंतीशी बोलतोय?

एकोणीस मार्च, मंगळवार. त्या दिवशी अकराच प्रवासी होते. साडूची बायको, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाली, "जगाला फिरवता. मला कधी न्याल, मेल्यावर?" तोंडानं फटकळ, पण लाखात एक बाई. साडू हसला. "चल, तुझीही हौस फिटू दे," म्हणाला आणि बारा नंबरचं जाकीट त्यानं स्वतः तिच्या अंगात चढवलं.

पाण्यात बुडू नये म्हणून घालतात ती केशरी जाकिटं. त्याच्याकडे बाराच होती. नंबर त्यानंच रंगवलेले, बाराच्या खाली रंगाचा ओघळ आलेला. परतताना तो माणसं मोजायचा नाही, जाकिटं मोजायचा. तिथले सगळेच लाँचवाले तसंच करतात. माणसं जागा बदलतात, एकमेकांमागे लपतात, केशरी रंग मात्र अंधारातही दिसतो.

बेटावर दोघांचं वाजलं. तिला गुहेपलीकडचे शंख बघायचे होते, ह्याला भरतीआधी निघायचं होतं. "जा कुठं जायचं तिथं! पण साडेसहाला लाँचवर ये," असं खेकसला तो तिच्यावर.

साडेसहाला आभाळ भरून अंधारून आलं होतं. इंजिनापाशी उभं राहून त्यानं मोजली. बारा. अगदी पुढच्या टोकाला बायको बसलेली, पाठमोरी, डोक्यावरून पदर. "भिजलीस का गं?" उत्तर नाही. रुसलीय, असं त्याला वाटलं. पाऊण तास तो त्या पाठीची समजूत काढत होता. "चुकलं माझं... पुढच्या मंगळवारी तुला एकटीला आणतो..." ती वळली नाही.

सव्वासातला मी धक्क्यावर होतो. दोर मीच धरला. पुढं बसलेली ती पाठ मीही पाहिली, खोटं कशाला बोलू? साडूनं एकेकाला हात देऊन उतरवलं. अकरा जण.

"आता उतर गं."



त्यानं खांद्यावर हात ठेवला...

हात आत गेला.

पदर नाही. डोकं नाही. नुसतं जाकीट, पट्टे लावलेलं. त्यातून पाणी गळत होतं.

आम्ही तसेच परत फिरलो. बेटावर पाणी चढलेलं. टॉर्च... हाका... पुन्हा हाका...

पावणेनऊला सापडली. गुहेपलीकडे. पाय खडकाच्या फटीत अडकलेला. पाणी डोक्यावरून गेलेलं.

डॉक्टर म्हणाले, आठच्या सुमारास गेली. म्हणजे लाँच निघाली तेव्हा ती जिवंत होती, पोरांनो. ओरडतही असेल. इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार? ती जागा रिकामी असती तर साडूनं अकरा मोजली असती, तिथंच थांबला असता. वाचली असती हो ती.

साडू आता लाँच चालवत नाही. मला भेटला की एकच म्हणतो, "पाऊण तास मी चुकलं चुकलं म्हणत होतो. कुणाला म्हणत होतो?"

तिला वर काढलं तेव्हा बारा नंबरचं जाकीट तिच्या अंगातच होतं. मीच सोडवलं ते, आणि त्याच्या शेडमध्ये नेऊन टांगलं. तिथं आता तेरा जाकिटं आहेत. दोन्हींवर बारा आकडा, त्याच्याच हातचा. ओघळही दोन्हींवर, तसाच्या तसा.