मनगटावरची बोटं

कंदील जरा बारीक करा रे. घोलवडच्या दौलतभाऊंचं सांगतो. आमचे शेजारी. मधे फक्त चिकूची वाडी. त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

अठ्ठ्याऐंशी सालची कार्तिकातली अवस. त्या दिवशी भाऊ डहाणूला रक्त देऊन आले होते. हृदयाच्या गोळ्या त्यांना कायमच्या. औषध अंगात जास्त साठलं तर जिवावर बेतायचं, म्हणून डॉक्टर मधूनमधून रक्त काढून मुंबईला तपासायला पाठवायचे. शिवाय रोज गोळीआधी नाडी बघायची. अडखळली तर गोळी घ्यायची नाही. नाडी बघायच्या हिरकणीवहिनी. पण त्या आषाढातच गेल्या. मूलबाळ नव्हतं.

रात्री जेवण झालं. भाऊंनी गोळी घेतली हातात. नाडी बघितली नाही. आपलंच मनगट आपण धरायचं त्यांच्या जिवावर यायचं.

तांब्या तोंडाशी नेला... आणि मनगटावर बोटं टेकली.

गार.

घरात कोणी नाही. भाऊ हलले नाहीत.

"हिरा?"

...

बोटं तशीच. नाडी मोजत होती. भाऊंच्या हातून गोळी खाली पडली. मग बोटं सुटली.

दुसऱ्या रात्रीही तेच. गोळी घेऊ दिली नाही.

त्यानंतर डॉक्टरांचा माणूस सायकल हाणत आला. "भाऊ, गोळी थांबवा! रक्तात फार झालीय!"

डॉक्टरांनी गोळी कमी करून दिली, पुन्हा रक्त द्यायला बोलावलं. भाऊ गेलेच नाहीत. मी रागावलो, तर म्हणाले, "रक्त कशाला देऊ, तात्या? बघणारी आहे ना घरात."

पण बोटं परत आली नाहीत.

रोज रात्री भाऊ हात पुढे करून बसायचे. वाडीतून मला त्यांचा दिवा दिसायचा. सकाळी विचारायचो, "आल्या वहिनी?"

"...येईल."

पौषात एका सकाळी त्यांचं दार उघडेना. मी आणि आमच्या वाडीतला लक्ष्या, दोघांनी कडी मोडली. कडी आतून होती. खिडक्याही आतून बंद. भाऊ पलंगावर गेलेले होते. चेहरा शांत.

लक्ष्या पुढे झाला आणि थबकला. "तात्या... ही कोणी खोचली?"

मच्छरदाणी. चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली... पलंगाबाहेर उभं राहून खोचतात, तशी.