झुंबरबाईंना उठवायचं राहिलं

"दुपारच्या पारी सावली लहान…
कुणाची तहान उंबऱ्याशी…"

हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सात वर्षांची होते.

शाळा सकाळची. दुपारी घरी यायचे तेव्हा आई टीव्हीसमोर मेथी निवडत बसलेली असायची. तेव्हाची एक जुनी मालिका सुरू होण्याआधी पडदा काळा व्हायचा आणि त्या काळ्यातून ही ओवी यायची. घोगरी, ओली. आईच्या हातातली काडी हातातच राहायची.

तो आवाज झुंबरबाईंचा.

मोठी झाल्यावर मी त्याच बाईंबरोबर काम केलं. त्यानंतर जे घडलं, ते मी घरातसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. तुम्ही खोटं म्हणा, चालेल. खोटं असतं तर मला झोप लागली असती.

ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

गेल्या वर्षी, अकरा एप्रिल, शुक्रवार. कोल्हापूरहून कोडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बंगला आहे. आमची मालिका तिथं चालायची. 'पैलाडची सून'. सात वर्षं, रोज दुपारी दीड वाजता.

मी तेजस्वी. मालिकेत कंटिन्युइटी बघते. कुठल्या हातात किती बांगड्या, पदर कुठल्या खांद्यावर, कप भरलेला की अर्धा, शॉट किती सेकंदांचा… सगळं लिहून ठेवायचं. म्हणजे पुढच्या वेळी तसंच्या तसं जुळतं.

झुंबरबाई आमच्या माईसाहेब. घरातली थोरली. त्यांना गुडघे दुखायला लागले, रोज हुपरीहून येणं झेपेना. मग चॅनलनं ठरवलं, माईसाहेबांना मारायचं.

"मारा की," झुंबरबाई म्हणाल्या होत्या. "पर झ्याक मारा. खोकून खोकून नगं. झोपंत."

आमच्या सेटवर एक रीत होती. कुणी मरणाचा शॉट दिला की कॅमेरा चालूच ठेवायचा. एकानं जवळ जाऊन नटाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची. म्हणायचं, उठा. मग त्यानं उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं.

ते हसणं कुठं दाखवत नाहीत. पण ते घेतल्याशिवाय पॅकअप नाही. मेलेलं माणूस सेटवर सोडायचं नाही, म्हणून.

हाक मारायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. आईचे चार फोन येऊन गेले होते. दिग्दर्शक ऋतुराज सर "कट" म्हणाले आणि चॅनलचा फोन घेऊन बाहेर गेले. कॅमेरावाल्यानं विचारलं, "हसायचं घेतलं का गं?"

मी म्हटलं, "झालं की. तुमचं लक्ष कुठाय?"

त्यानं कॅमेरा बंद केला. मी माझ्या कागदावर लिहिलं… हसणं, झालं.

दारातून निघताना एकदा मागं बघितलं. झुंबरबाई खाटेवर तशाच होत्या. हिरवी इरकल. हात छातीवर. डोळे मिटलेले.

वाटलं, उठतील आपल्या आपण.

त्या रात्री हुपरीला आपल्या घरी, झोपेतच झुंबरबाई गेल्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. सत्तरी पार केलेली बाई. कुणाला नवल वाटलं नाही.

मला वाटलं. पण मी गप्प बसले.

मातीला गेलो तेव्हा त्यांची मुलगी मोना माझा हात धरून एवढंच म्हणाली, "शेवटचं हसली असंल की गं माझी आई? तेवढा तुकडा दे मला."

मी म्हटलं, "बघते."

आठ दिवसांनी मरणाचा भाग दाखवला गेला. त्यानंतर दहाव्या दिवशी सेटच्या फाटकावर एक म्हातारी येऊन बसली. बनाबाई, कोडोलीची. पितळी डब्यात भाकरी, वरण, भात. मी चहा घेऊन बाहेर गेले.

"तू हितलीच का गं पोरी?" तिनं विचारलं. "सात वर्सं माईसाब रोज दुपारी माज्या घरात यायच्या. सुतक धरलं म्या. आज घास ठेवला."

मला हसू आलं. "बरं केलंत, मावशी."

"काय बरं? सकाळधरनं बसलोय. कावळा शिवंना." तिनं डबा बंद केला. "तुमच्यात काय तरी ऱ्हायलंय बगा बाईचं."

मी चहा तिथंच ठेवून आत आले.

असल्या बनाबाई शेकड्यांनी होत्या. चॅनलकडे पत्रं यायला लागली. माईसाहेब परत आणा. चॅनलनं ऋतुराज सरांना सांगितलं, आणा.

सरांना त्यात काही वाटलं नाही. ते म्हणाले, "अमेरिकेत साबणाच्या जाहिरातींच्या जिवावर दुपारच्या मालिका पन्नास पन्नास वर्षं चालल्या. तिकडं मेलेलं माणूस चार महिन्यांनी दारातून आत यायचं. नट बदलला तर आवाज यायचा, आजपासून ही भूमिका अमुक करतील. झालं. बायका स्वयंपाक करत करत ऐकायच्या आणि मानून घ्यायच्या."

"आनि पयल्या नटाचं काय व्हायचं वो?" आवाजाचं बघणाऱ्या जोतीरामअण्णांनी विचारलं.

सरांनी हातातल्या कागदांचं पुढचं पान उलटलं.

नव्या माईसाहेब म्हणून गडहिंग्लजच्या शांभवीताई आल्या. गोष्ट अशी जुळवली… माईसाहेब मेल्याच नव्हत्या. तिरडी बांधायच्या आत खाटेवर त्यांचा श्वास परत येतो.

म्हणजे तीच खाट. तीच इरकल. तेच हात छातीवर.

जुळवायचं काम माझं.

शाहूपुरीत आमची एडिटची खोली आहे. दुपारी मी एकटीच तिथं बसून मरणाचा शॉट उघडला. बांगड्या मोजल्या. निऱ्या बघितल्या. मग सहज खाली लक्ष गेलं.

शॉट दोन मिनिटं बावन्न सेकंदांचा होता.

माझ्या कागदावर दोन मिनिटं दहा सेकंद.

वाटलं, माझीच चूक. खोडून बावन्न लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उघडला तर…

साडेपाच मिनिटं.

जोतीरामअण्णांना फोन केला. "फाइल बिघडली आसंल," ते म्हणाले. "बघू नगंस, उडीव."

उडवायच्या आधी शेवटपर्यंत बघितलं. का बघितलं, देव जाणे.

"कट" ऐकू आलं. पावलं वाजली. माझाच आवाज आला. झालं की. तुमचं लक्ष कुठाय?

यानंतर कॅमेरा बंद झाला होता. मी डोळ्यांनी बघितलं होतं.

पण चित्र पुढं चालू होतं.

एकेक दिवा विझत गेला. पंखा थांबला. कुणीतरी चटई गुंडाळली. दार ओढल्याचा आवाज आला. खोली रिकामी झाली.

खाटेवर झुंबरबाई तशाच.

डोळे मिटलेले. पण पापणी… पापणी थरथरत होती. कुणी हाक मारेल म्हणून वाट बघणाऱ्या माणसाची थरथरते तशी.

तिसऱ्या दिवशी शॉट अकरा मिनिटांचा होता.

मी फाइल उडवली नाही. हात धजला नाही.

सहा जून. दुपारी दीड. शांभवीताईंचा शॉट. बाहेर ऊन एवढं की अंगणातलं कुत्रंसुद्धा गाडीखाली गेलेलं.

त्या खाटेवर आडव्या झाल्या. मी निऱ्या सारख्या केल्या.

"अय्यो, खाट किती गार आहे गं," त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, "मनातल्या मनात पाच मोजा आणि डोळे उघडा."

कॅमेरा सुरू झाला.

एक… दोन… तीन…

जोतीरामअण्णांनी कानावरचे हेडफोन दाबून धरले. मग एक काढून आजूबाजूला बघितलं. हळूच बोट वर केलं. मग दुसरं.

दोन.

खाटेवर एक बाई होती. त्यांना दोघींचे श्वास ऐकू येत होते.

चार… पाच.

शांभवीताईंनी डोळे उघडले नाहीत.

"ताई?" सर म्हणाले. "शांभवीताई, कट. उठा."

काही नाही.

सरांनी खांदा हलवला. हात सटकन मागं घेतला. "अंग गार पडलंय! अरे गाडी काढा, गाडी!"

धावपळ सुरू झाली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा. सगळे एकच नाव घेत होते. शांभवीताई, शांभवीताई.

अण्णा मात्र जागेवरच होते. हेडफोन कानाला. मला म्हणाले, "तेजू… एक श्वास कमी झाला बग."

मला कळत होतं काय करायचं. त्या खोलीत एकटीला मलाच कळत होतं.

पण मोठ्यानं म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, मी काय केलं ते. बाई समोर मरत होती आणि मी माझं नाव सांभाळत होते.

शेवटी खाली वाकले. शांभवीताईंच्या कानाशी तोंड नेलं.

"झुंबरबाई," मी म्हटलं. "उठा आता. शॉट झाला."

डोळे उघडले.

माझ्याकडे बघितलं. ते डोळे शांभवीताईंचे नव्हते, एवढं मी शपथेवर सांगते.

"आत्ता म्हनतीस व्हय गं?"

आवाज घोगरा होता. ओला.

मग शांभवीताईंना जोराचा ठसका लागला, त्या उठून बसल्या आणि रडायला लागल्या. त्यांना काही आठवत नव्हतं. भिंतीच्या बाजूला कुणीतरी निजलंय आणि आपली करंगळी धरून आहे, एवढंच. त्याच संध्याकाळी मालिका सोडून गडहिंग्लजला गेल्या. परत आल्या नाहीत.

वाटलं, सुटले.

शाहूपुरीला जाऊन शॉट उघडला. दोन मिनिटं दहा सेकंद. जेवढ्यास तेवढा.

चित्र सुरू केलं.

खाट होती. उशी होती. चादरीवर माणूस निजल्याचा खळगा होता.

झुंबरबाई नव्हत्या.

पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत… रिकामी खाट.

मग उठून त्या गेल्या कुठं?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं हुपरी गाठली. तिथं पैंजण वाजलं म्हणून कुणी दचकत नाही, घरोघर चांदीचाच धंदा. मोना उंबऱ्यात बसून चांदीच्या कड्या जोडत होती. मला बघून पाणी आणलं.

"तुकडा आनलास आईचा?"

मी नाही म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. पाहुणे, घाई, कागदावरचं खोटं. "हसणं घेतलंच नव्हतं मोनाताई. मी हाकच मारली नाही त्यांना."

वाटलं, थोबाडीत देईल. द्यायला हवी होती.

ती कड्या जोडत राहिली. एक, दोन, तीन. मग हात थांबला.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

तिनं घराच्या आत बघितलं. आत कुणी नव्हतं. तरी आवाज बारीक केला.

"त्या सांजला आई आली ती सरळ खाटंवर जाऊन पडली. हात असं छातीवर. म्या म्हटलं, आये, ऊन ऊन भाकरी हाय, जेव. तर डोळं मिटूनच म्हनली, 'मला अजून कुनी ऊठ म्हटलं न्हाई.' मला वाटलं, चेष्टा करती. नाटकवाली बाई, रोजचीच तिची थेरं. म्या हसले… म्हटलं, मग ऱ्हा पडून तशीच. आनि दिवा मालवला."

तिच्या मांडीवरची कडी खाली पडली.

"कुनाला सांगितलं न्हाई म्या हे, तेजू. ऊठ, एवढा एक शब्द तर हुता. मी बी म्हटला न्हाई."