कूलर बंद केल्यावर

मे महिन्यात नागपुरात कुणाचा कूलर बंद करणं म्हणजे उघड उघड भांडण काढणं. मी ते नकळत केलं.

विद्यापीठाच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत मी एकटीच आहे, असा माझा समज होता. कॅमेरा स्टँडवर होता, टेबलावर मी बाबांची टिपणं मांडली होती आणि दारातला चाकांचा कूलर नुसता घोंघावत होता. एवढ्या आवाजात माझं कोण ऐकणार? मी उठून बटण दाबलं. पंखा गरगरत थांबला, वाळ्याच्या जाळीतून शेवटचे काही थेंब टपकले... आणि टेबलाखालून आवाज आला,

"काहून बंद केला बे?"

मग एक माणूस बाहेर आला. गळ्यात वायरची गुंडाळी, कपाळावर कोळिष्टक, हातात पक्कड. मला पाहून त्यानं पक्कड पाठीमागे लपवली, जणू तीच बोलली होती.

"माफ करा मॅडम... मला वाटलं अंकित आहे. आमच्या कक्षातला."

"तुमचा कक्ष टेबलाखाली आहे का?"

"तिथं गार होतं," तो म्हणाला. "आत्तापर्यंत."

हा धम्मदीप गजभिये. विद्यापीठाच्या ऑनलाइन शिक्षण कक्षात नवा आलेला. प्राध्यापकांना आपापले विषय ऑनलाइन वर्गासाठी नव्यानं बांधायला मदत करणं हे त्याचं काम. मी भूगोल विभागातली. माझं काम सोपं आहे, असं मला वाटत होतं. 'मातीची ओळख' हा ऐच्छिक विषय बाबांनी उभा केला आणि निवृत्त होईपर्यंत शिकवला. पुढे तो माझ्याकडे आला, आणि विद्यार्थी कमी होत गेले. सावनेरहून, कुहीहून, रामटेकहून रोज बसनं येणं सगळ्यांना जमत नाही. आता विद्यापीठानं कळवलं होतं की हा विषय वर्गात आणि ऑनलाइन असा एकाच वेळी चालवून दाखवा. जूनमध्ये अभ्यास मंडळासमोर सादर करा. पटलं तर ठीक, नाहीतर बंद.

बाबा दिवाळीनंतर गेले होते. त्यांच्या मागोमाग त्यांचा विषयही जावा, हे मला चालणार नव्हतं. म्हणून मी त्यांची टिपणं घेऊन आले होते. एक शब्दही न बदलता तासभर कॅमेऱ्यासमोर वाचायचं, एवढं ठरवून.

धम्मदीपनं कॅमेरा लावला. मी वाचू लागले. थोड्या वेळानं कपाळावरचा घाम भुवईत आला, भुवईतून डोळ्यात... मी वाचत राहिले. त्यानं कॅमेरा थांबवला.

"मॅडम, एक बोलू? वाक्यं फार सुंदर आहेत. पण ती वाचायची नाहीत, बोलायची आहेत. आणि बोलणारं माणूस तुम्ही नाही."

"बाबांची आहेत."

"मग त्यांनाच आणा ना एक दिवस! मी त्यांच्यासाठी बर्फाची लादी मागवतो."

मी कागद गोळा करू लागले. "ते नाहीत आता."

वाईट वाटलं असं तो म्हणाला नाही, कसं झालं हेही विचारलं नाही. उठून त्यानं कूलर सुरू केला आणि ओढत आणून माझ्या बाजूला वळवला. स्वतः भिंतीशी, उकाड्यात जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. त्याला चार शब्द सुनवायला चालले आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खोलीत पोचले तेव्हा टेबलावर ताकाचे दोन ग्लास झाकून ठेवलेले होते.

"दुसरा कुणाचा?" मी विचारलं.

"जे कोणी रागावून येईल त्याचा."

मग आम्ही कामाला लागलो. व्हिडिओ आठ मिनिटांपेक्षा मोठा करायचा नाही, असा त्याचा नियम होता.

"आठच का?"

"कूलर बंद केला की नवव्या मिनिटाला मॅडम वितळतात."

"धम्मदीप सर!"

"बरं, खरं कारण सांगतो. त्याहून लांबलं की घरी मोबाइलवर बघणारं पोरगं उठून जातं. म्हणून आठ मिनिटं बोलायचं आणि लगेच त्याच्या हाताला काम द्यायचं. नुसतं बघत बसलेल्या माणसाला झोप येते."

"तुम्ही तर जागे दिसता."

"मी कुठं बघून राहिलो..." तो अडखळला. "म्हणजे, बघतो आहे. फोकससाठी." आणि कॅमेऱ्याच्या मागे त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

घरी आईलाही काहीतरी दिसत होतं. एका सकाळी मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले, तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काहून वं पायल, रेकॉर्डिंगले एवढं तयार होऊन जातेत का?"

"कॅमेरा असतो ना आई."

"हो, पण कॅमेऱ्याच्या मांगं कोण असते, ते विचारून राहिली मी."

काम मात्र एका जागी अडलं, आणि ती जागा पहिल्या तासाची होती. बाबांची एक रीत होती. नव्या वर्गात गेले की ते काळ्या मातीचा ओला गोळा पहिल्या बाकावर द्यायचे. तो हातोहात फिरायचा. प्रत्येकानं मळायचा, चिमटीत दाबून बघायचा, पुढे द्यायचा. गोळा फिरून परत येईपर्यंत बाबा एक अक्षर बोलत नसत. त्यांचं म्हणणं, आधी हाताला कळू दे.

"वर्गात हे होईल," मी म्हणाले. "पण स्क्रीनमधून गोळा कसा देणार? व्हिडिओत मी मळून दाखवू?"

"तुम्ही मळणार आणि सावनेरची पोरगी बघणार," धम्मदीप म्हणाला. "तिच्या हाताला काय कळेल?"

"मग पहिला तास ऑनलाइन होऊच शकत नाही. आणि पहिला तास बदलायचा नाही."

"बरं."

"बरं काय? काहीतरी सुचवा ना."

"तुम्ही 'बदलायचा नाही' म्हणालात की मला काही सुचत नाही."

आम्ही दोन दिवस बोललो नाही. मी विभागात बसून बाबांच्या टिपणांकडे बघत होते आणि तो म्हणे टेबलाखाली वायरी बदलत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर तर्रीपोहे खाताना तो समोर आला. पोह्यांवर ओतलेला तर्रीचा रस्सा एवढा तिखट होता की रुसून बसणं शक्यच नव्हतं. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"एकच विचारतो," नाक पुसत तो म्हणाला. "सर तो गोळा आणायचे कुठून?"

"कुहीहून. आजोबांच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून. दरवर्षी मुद्दाम जायचे..."

मी थांबले. हातातला चमचा तसाच राहिला. बाबांनी कधीच विकतची किंवा प्रयोगशाळेतली माती आणली नव्हती. ते आपल्या घरची माती घेऊन वर्गात यायचे.

"धम्मदीप," मी म्हणाले. 'सर' म्हणायचं राहून गेलं. "मुलांकडे त्यांच्या घरची माती आहे! ऑनलाइनवाल्यांकडे तर खरी प्रयोगशाळा आहे, आपल्या वर्गापेक्षा मोठी. इथं एक गोळा फिरेल... तिथं प्रत्येक गावाची माती असेल."

तो माझ्याकडे बघून हसत राहिला, आणि या वेळी फोकसचं कारण त्याच्याकडे नव्हतं.

मग पहिला तास नव्यानं बांधला. आधी प्रत्येकानं आपल्या अंगणातली, शेतातली माती मळायची. मग ती काचेच्या बाटलीत घालायची, पाणी भरायचं, जोरात हलवायचं आणि मग बाटली न हलवता ठेवून द्यायची. वाळू लगेच तळाशी बसते, त्यावर गाळ, आणि चिकण माती सगळ्यात शेवटी. एकेका गावाच्या मातीचे थर बाटलीत उभे राहतात. वर्गातल्यांनी आणि ऑनलाइनवाल्यांनी जोड्या करून एकमेकांना आपली बाटली वाचून दाखवायची.

रंगीत तालीम सुट्टीतच घेतली. मी घरून, धम्मदीप ऑफिसातून, विद्यार्थी आपापल्या गावांतून. सावनेरच्या सत्यवतीच्या बाटलीत पाण्यावर बारीक काळा थर तरंगत होता. "खाणीतल्या कोळशाची धूळ आहे मॅडम," ती म्हणाली, "आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही हाच थर असतो!" सगळे हसले आणि मग रामटेकच्या मुलानं विचारलं, ही धूळ पिकाला काय करते? बाबा असते तर आनंदानं खुर्चीवरून उठले असते.

मग धम्मदीपनं मुलांच्या जोड्या करून त्यांना वेगवेगळ्या ब्रेकआउट रूममध्ये, दोघादोघांच्या ऑनलाइन खोल्यांत, पाठवलं. पडदा क्षणभर कोरा झाला आणि पुन्हा उजळला, तर समोर तो. फक्त तो.

"हे काय?" मी म्हणाले.

"यंत्रानं आपलीही जोडी लावली," तो गडबडून म्हणाला. "चुकून. मी आपल्या दोघांना वगळायला विसरलो."

"मग बाहेर काढा."

"काढतो..." त्याचा हात माउसवर होता. तो हलला मात्र नाही. "तुमची बाटली दाखवा ना. जोडीत आहोत तर..."

मी कुहीची बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. त्यानं त्याची धरली. पाणी अजून गढूळ होतं.

"आमच्या घरची, इंदोऱ्याची," तो म्हणाला. "गच्चीवरच्या कुंडीतली. त्यात गुलाब लावतो, पण जगत नाही."

"नुसती चिकण माती आहे ती. वाळू मिसळा, पाणी मुरेल. पण गुलाब कुणासाठी?"

"आईसाठी." मग जरा थांबून, "सध्या."

मागे माझी आई उगीचच दोनदा खोकली.

सादरीकरणाच्या दिवशी सभागृहात अभ्यास मंडळ बसलं होतं. अध्यक्षा देवकी मॅडम. कुठलाही नवा प्रस्ताव त्या आधी चष्म्यावरून बघतात आणि मग चष्म्यातून, अशी त्यांची ख्याती. समोर वर्गातले विद्यार्थी, भिंतीवरच्या पडद्यावर गावोगावचे. टेबलावर मी आदल्या दिवशी हलवून ठेवलेली कुहीची बाटली होती. वर स्वच्छ पाणी, खाली रेखीव थर. माझं सगळं सादरीकरण त्या थरांवर उभं होतं. धम्मदीप मागच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसला होता.

मी दोन वाक्यं बोलले असेन. देवकी मॅडमनी बाटली उचलली. "यात आहे तरी काय?" म्हणाल्या, आणि औषधाची बाटली हलवतात तशी खसखसून हलवली.

थर गेले होते. बाटलीत नुसतं काळं पाणी. सादरीकरण संपलं, असं मला वाटलं. नजर आपोआप मागे गेली. धम्मदीपनं खांदे उडवले नाहीत, मान हलवली नाही. बोट ओठांवर ठेवलं, एवढंच. आणि मला वर्गात गोळा फिरत असताना गप्प उभे असलेले बाबा आठवले.

"मॅडम," मी म्हणाले, "आता ती तशीच हातात धरा. आणि काय दिसतं ते या मुलांना सांगा. त्यांना तुमची बाटली इतक्या दुरून दिसत नाही."

देवकी मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. मग चष्म्यातून. "काही नाही दिसत. गढूळ आहे... थांबा. खाली काहीतरी बसतं आहे."

"जाड की बारीक, मॅडम?" पडद्यावरून सत्यवती.

"जाड. रवाळ."

"ती वाळू! किती आहे? बोटभर?"

"बोटभर कुठली. नखाएवढी."

"मग बाकीची चिकण माती. उद्यापर्यंत वाट पाहा मॅडम, आज नाही बसणार ती!"

देवकी मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग मंडळातल्या सगळ्यांनाच बाटली हवी झाली. वर्गातल्या मुलांनी आपापल्या बाटल्या आणि मोबाइल त्यांच्या हाती दिले, तेवढ्यात धम्मदीपनं जोड्या केल्या. मंडळातला एकेक सदस्य, गावातला एकेक विद्यार्थी. सभागृहात नुसता कलकलाट.

माझ्या लॅपटॉपचा पडदा कोरा झाला, उजळला. खोलीत दोनच नावं होती, त्याचं आणि माझं. तो सभागृहाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. बोलणं शक्य नव्हतं. खाली अक्षरं उमटली,

"या वेळी चुकून नाही."

मी लिहिलं, "मंडळ बघून राहिलं आहे."

"मंडळ माती बघून राहिलं आहे. मी तुम्हाला. पहिल्या दिवसापासून. आता उत्तर देऊ नका... मी थांबतो."

मी लॅपटॉप हळूच मिटला. मान वर केली तेव्हा तो खरंच थांबला होता, कुठंही न बघता, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा.

बाटली देवकी मॅडम स्वतःच्या टेबलावर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "थर बसले," त्या म्हणाल्या. "विषय जुलैपासून सुरू करा. आणि हो, पहिल्या तासाला मलाही बोलवा. मी माझ्या गावची माती आणते."

मी फोन ठेवला आणि विभागाच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभी राहिले. हा फोन सगळ्यात आधी ज्यांना करायचा होता, ते नव्हते. डोळे पुसले. मग चालत निघाले.

रेकॉर्डिंगच्या खोलीत कूलर जोरात होता. धम्मदीप टेबलाखालीच होता. नुसते पाय दिसत होते. मी बटण दाबलं. पंखा गरगरत थांबला, वाळ्यातून थेंब टपकले.

"काहून बंद..." तो बाहेर आला. मला पाहून उरलेलं वाक्य विसरला. "रेकॉर्डिंग आहे?"

"नाही."

"मग?"

"मला जे सांगायचं आहे ते आवाजात बुडायला नको."

तो जमिनीवर बसलेला, मी उभी. मग मीही खाली बसले. त्याच्या कपाळावर त्या दिवशीसारखंच कोळिष्टक होतं. मी ते बोटानं काढलं. विषय मंजूर झाला, हे मी त्याला सांगितलं. पुढचं सांगायला मात्र कुणाची टिपणं नव्हती. माझीच वाक्यं होती, आणि ती फार थोडी होती.

ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मले पुन्हा एकदा ऐकव ना वं."

"आठ मिनिटांच्या वर बोलायचं नाही, हा तुझाच नियम आहे ना गा?"

"तो मोडला समज."

खोलीत मरणाचा उकाडा होता. घाम भुवयांवरून, गालांवरून खाली येत होता. पण कूलर लावायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.