चार बोटं काच

घूंऽऽ... आणि मग टक्.

असा तो आवाज होता. रिकाम्या घागरीत भुंगा अडकावा आणि कुणी घागरीवर हळूच झाकण ठेवावं, तसा. आसाराम मिस्त्रीनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला हसू आलं होतं. पुढं त्याच आवाजानं त्याची झोप नेली, ती पुन्हा पुरती कधी आली नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. देवळाली प्रवऱ्याच्या बाहेर, कालव्याच्या रस्त्याला आसारामचं पत्र्याचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर, ऑइल इंजिन, विहिरीवरच्या मोटारी, उसाचे ट्रक, हेच त्याचं रोजचं काम. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण हात हुशार. गावच्या बागाईतदार आबासाहेबांनी मुंबईहून लांबलचक परदेशी गाडी आणली, तेव्हा सगळीकडं तिच्या काचांचीच चर्चा. दाराला फिरवायची मूठच नाही. कळ दाबली की काच खाली, उलटी दाबली की वर.

आसारामनं एकदा दाराचा आतला पुठ्ठा काढून पाहिला. आत मुठीएवढी मोटार, तिच्या दांड्याला मळसूत्राचे आटे, त्याला लागून दातेरी चाक, चाकाला लोखंडी कैची आणि कैचीच्या डोक्यावर काच. वीज एका बाजूनं आली की मोटार सुलटी फिरते, दुसऱ्या बाजूनं आली की उलटी. कळीचं काम एवढंच, बाजू बदलायचं. प्रत्येक दाराला एक कळ, आणि ड्रायव्हरच्या दाराला चारही काचांच्या चार कळा.

"पर खरी गोम मळसूत्रात हाय," तो ड्रायव्हर छगनला म्हणाला. "मोटार चाकाला फिरवती, चाक मोटारीला फिरवू शकत न्हाई. काच वरनं कितीबी दाबा, खाली यायची न्हाई."

"म्हंजी आमच्या आबासाहेबांवानी," छगन म्हणाला. "कितीबी दाबा!"

दोघं पोट धरून हसले.

त्या गाडीत छगनच्या मागच्या जागेवर आबासाहेबांच्या पत्नी मनकर्णाबाई बसत. मोठ्या घरची बाई, गाडीतून बाहेर दिसू नये असा रिवाज. कुणाशी बोलायचं झालं तर त्या कळ दाबून काच चार बोटं खाली घेत. मोजून चार बोटं. त्या फटीतून हिरव्या बांगड्यांचा हात तेवढा दिसे. गाडी गॅरेजला आली की त्या हातात आसारामसाठी कधी पेरू असे, कधी फडक्यात बांधलेला गूळ.

"आसारामभाऊ," त्या एकदा म्हणाल्या, "आमच्या एवढ्या घरात माझं ऐकणारी ही एक काचच हाय बगा. बोट लावलं की हलती. बाकी कुनी हलत न्हाई."

फाल्गुनात नेमकी त्याच काचेची मोटार जळाली. वायंडिंग पार काळं. मोटार नगरला पाठवायची तर आठ दिवस जाणार, आणि मोटार काढली की काच सुटून दाराच्या पोटात पडणार. आबासाहेब दारात उभे.

"उद्या सकाळी लग्नाला जायचंय. काच वर राह्यली पायजे. जमत नसंल तर सांग, नगरचा मिस्त्री आनतो."

ते शेवटचं वाक्य आसारामला लागलं. त्यानं मोटार काढली, वायरी सोडवल्या, काच हातानं वर उचलली आणि तिच्या बुडाखाली बाभळीची एक पाचर ठोकून बसवली. वर पुठ्ठा लावला. बाहेरून पाहणाऱ्याला काच ठणठणीत. संध्याकाळी मनकर्णाबाई गाडीत बसल्या. ही काच बंद, म्हणून पलीकडच्या काचेकडं सरकून त्यांनी विचारलं,

"आसारामभाऊ... झालं का काम?"

आबासाहेब ऐकत होते. "झालं, वैनीसाहेब," आसाराम म्हणाला. "फक्त कळ दाबू नका थोडे दिवस. नवी हाय, कडक हाय."

पाचरीचं त्यानं ना त्यांना सांगितलं, ना छगनला. जळकी मोटार गुपचूप एसटीनं नगरला धाडली. आठव्या दिवशी मोटार एसटीनं नगरहून परत आली. हंगामाचे शेवटचे ट्रक दारात उभे होते. आज बसवतो, उद्या बसवतो म्हणत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती मोटार फळीवर राहिली.

अकराव्या दिवशी, साखर कारखान्याचा बाराचा भोंगा होत असताना, समोर बैल आडवा आला आणि गाडी भरल्या कालव्यात गेली. पाटाला पाणी सुटलेलं होतं. गाडी कुशीवर आडवी झाली, छगनची बाजू वर राहिली. छगन आपल्या खिडकीतून निघाला. त्याच्याच मागची काचही आभाळाकडं होती. ती उतरली असती तर बाई हात वर करून बाहेर आल्या असत्या. ती उतरली नाही. मध्ये सोफ्यासारखी उंच सीट, अंगावर नऊवारी, आणि वेळ तो किती...

त्यांना काढलं तेव्हा उजव्या हातात एकही बांगडी शाबूत नव्हती.

छगन सांगत राहिला, "मी कळ दाबली. पानी नाकात जाईस्तोवर दाबली. काच हललीच न्हाई." पण बाकी तिन्ही काचा खाली होत्या. लोक म्हणाले, तीन उतरल्या, एक कशी उतरत नाही? यानं आपला जीव वाचवला, बाईची कळ दाबलीच नाही. पोलिसांनी छगनला धरलं. आणि जमादारानं गाडी ओढून आणली ती आसारामच्याच दारात.

"मिस्त्री, परवा दुपारी पंचनामा हाय. ही काच चालत हुती का न्हाई, एवढं तू सांगायचं. तुझ्या सांगन्यावर हाय सगळं."

आसाराम हो म्हणाला. काय करता येईल हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पाचर काढायची, मोटार बसवायची, वायरी जोडायच्या. अर्ध्या तासाचं काम. मग म्हणायचं, काच चांगली हाय. ड्रायव्हरनंच दाबली नसंल.

पहिल्या दुपारी तो गाडीपासून लांब, ऐरणीजवळ बसला होता. उन्हानं पत्रा कडकड वाजत होता. गाडीची बॅटरी पोलिसांनी आधीच काढून नेलेली. कारखान्याचा भोंगा झाला. त्याचा आवाज विरला आणि त्याच्या मागून दुसरा आला.

घूंऽऽ... टक्.

आसारामनं मान वळवली. मागची काच खाली आली होती. मोजून चार बोटं.

त्यानं स्वतःला समजावलं की उन्हानं रबर सुटलं असेल, पाचर निसटली असेल. पण निसटलेली काच धाडकन पडते, चार बोटांवर थांबत नाही. आणि ती आवाज करते तोही असा नव्हे. तो आवाज मोटारीचाच होता. मोटार तर फळीवर, वर्तमानपत्रात होती.

तो उठून गेला नाही. बायडाबाई, त्याची बायको, भाकरी घेऊन आली तेव्हा काच पुन्हा वर होती.

"काय वं, तोंड असं का पांढरं पडलंय? ऊन लागलं का?"

"लागलं आसंल."

"भुतावानी बसलाय निस्ते." तिनं भाकरी पुढं ठेवली, मग आवाज खाली घेतला. "छगनच्या बायकूनं, चांगुणानं, दोन दिस चूल पेटवली न्हाई म्हनं. पोरं शेजाऱ्याकडं जेवत्यात. तुमी सांगा की वो काय ते खरं, सोडत्याल त्याला."

आसारामनं भाकरी न तोडता तशीच फडक्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच त्यानं मनाचा हिय्या केला. उद्या पंचनामा. आज मोटार बसली पाहिजे. त्यानं गाडीचं दार उघडलं, पुठ्ठ्याचे स्क्रू काढले, पुठ्ठा खाली ठेवला. आत कालव्याचा वाळलेला गाळ आणि गाळात रोवल्यासारखी त्याची बाभळीची पाचर. केसभर हललेली नाही. काचेचं बूड तिच्यावर टेकलेलं.

तेवढ्यात भोंगा झाला.

घूंऽऽ... त्याच्या तोंडासमोर, रिकाम्या दारातून. मोटारीच्या जागी नुसतं भोक होतं. त्या भोकातून आवाज येत होता. टक्.

त्यानं वर पाहिलं. चार बोटं फट. खाली पाहिलं. काच पाचरीवर तशीच टेकलेली. पुन्हा वर पाहिलं. फट होती. काचेला खाली जायला जागाच नव्हती, आणि ती गेली होती.

फटीतून थंड हवा आली. चैत्राच्या त्या दुपारी, कालव्याच्या तळाची, शेवाळाची ओल घेऊन आलेली हवा. त्या ओलीत गुळाचा वास होता.

"आसारामभाऊ..."

पाचरीकडं गेलेला हात त्यानं मागं घेतला.

"...झालं का काम?"

आवाजात राग नव्हता. नेहमीसारखंच विचारलं होतं, गाडीत बसता बसता विचारावं तसं. त्यामुळंच आसाराम दाराला धरून खाली बसला. "झालं" म्हणायला एकदा जीभ वळली होती, ती आता टाळ्याला चिकटली.

"न्हाई..." तो कसाबसा म्हणाला. "न्हाई झालं, वैनीसाहेब. तवाबी झालं नव्हतं... मी खोटं बोललो."

पत्रा तेवढा वाजत होता. मग घूंऽऽ, आणि काच वर गेली. अलगद, कुणी ऐकून घेतल्यासारखी.

आसारामनं पाचर काढली नाही. पुठ्ठाही लावला नाही. दार तसंच उघडं ठेवून तो दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिला.

पंचनाम्याला जमादार आला, आबासाहेब आले. दंडाला दोरी बांधलेला छगन आला. चार दिवसांत त्याचे गाल आत गेले होते. आसारामनं कुणाला बसा म्हटलं नाही. सरळ दाराकडं बोट केलं.

"जमादारसाहेब, छगननं कळ दाबली हुती. काच उतरनारच नव्हती. आत मोटार न्हाई. ही बगा, काचंखाली माझ्या हातची पाचर हाय."

त्यानं हातोडीनं दोन ठोके देऊन पाचर काढली. काच धाडकन दाराच्या पोटात पडली. पाचर त्यानं आबासाहेबांच्या हातात दिली.

आबासाहेब ती उलटीपालटी करून पाहत राहिले. "एवढीशी," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू मला झालं म्हनला हुतास."

"व्हय. तुमी नगरचा मिस्त्री आनतो म्हनलात, अन् माझी जीभ घसरली. छगनचं काय बी चुकलं न्हाई. मला न्या."

आबासाहेब शेजारच्या जुन्या टायरवर बसले. जमादारानं छगनच्या दंडाची दोरी सोडली.

"आन् मोटार कुठंय?"

"ती आलीय की नगरहून. कवाच. फळीवर हाय, अजून सोडलीसुदिक न्हाई." आसारामनं पुडकं खाली घेतलं. हाताला ते जड लागलं. सुतळी त्याच एसटीच्या गाठीची, कुणी न सोडलेली. त्यानं ती तोडली, कागद उलगडला.

आतून पाणी सांडलं. गढूळ, गाळाचं पाणी, त्याच्या पायावर. वर्तमानपत्र बाहेरून कोरडं ठाक होतं. आणि मळसूत्राच्या आट्यांत, नव्या वायंडिंगच्या तांबड्या तारांजवळ, काहीतरी अडकलं होतं. हिरवं. आसारामनं ते नखानं सोडवून तळहातावर घेतलं.

काचेच्या बांगडीचा तुकडा.

जमादाराची लेखणी थांबली. आबासाहेबांनी तुकडा पाहिला आणि पदर शोधणाऱ्या पोरासारखा हात पुढं केला, मग मागं घेतला. दूर कारखान्याचा भोंगा सुरू झाला. सगळ्यांच्याच माना गाडीकडं वळल्या. दारात आता काच नव्हतीच, नुसती मोकळी खिडकी होती.

"छगन," आसाराम म्हणाला. "छगन, लेका, मला..."

छगन गाडीजवळ गेला. त्या मोकळ्या खिडकीच्या वरच्या कडेला त्यानं आपली चार बोटं आडवी लावली. तशीच थोडा वेळ ठेवली. आत कुणी काही सांगत असेल तर ऐकावं, तशी मान जराशी कलती केली. मग हात काढला. बोटांवरनं पाणी निथळत होतं.

त्यानं आसारामकडं एकदा पाहिलं, आणि ओला हात न पुसता कालव्याच्या रस्त्यानं चालू लागला.