घरचं बोलावणं

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. मी नागपूरला शाळेत गणित शिकवते. भुताखेतांच्या गप्पा रंगवायला मला ना वेळ आहे, ना हौस. पण प्रणोती माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि हे तिच्या घरात घडलं आहे.

जागा म्हणाल, तर जबलपूर. मदन महल भागातलं दुसऱ्या मजल्यावरचं तिचं घर.

वेळ गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली. रात्र नव्हे हं. भर दुपार.

असल्या गोष्टी रात्रीच होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी जबलपूरची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दारं-खिडक्या बंद. घराघरांत कूलरची घरघर, आणि त्या घरघरीखाली दुसरा काही आवाज असला तरी कुणाला कळत नाही.

प्रणोती पीएचडी करत होती. विषय होता, जबलपूरची मराठी. रेल्वेत आणि फॅक्टऱ्यांत नोकरीला म्हणून विदर्भातून जी घरं इथं आली, ती घरात कशी बोलतात, ते ती रेकॉर्ड करून घ्यायची. आणि ती रेकॉर्डिंग्ज संशोधनाच्या एका ऑनलाइन संग्रहात ठेवायची.

या संग्रहात काय नसतं ते विचारा! कुणी नर्मदेतल्या कासवांची मापं ठेवलेली, कुणी संगमरवराच्या भुकटीनं होणाऱ्या खोकल्यावर प्रबंध लिहिलेला, कुणी भूकंपाचे नकाशे, कुणी लग्नातली गाणी. सगळं एकाच छपराखाली. जगात कुठूनही कुणीही उघडावं, वाचावं, ऐकावं. एकदा ठेवलं की कायमचं.

प्रणोतीला त्याचा भारी अभिमान होता. "ताई, मी मेली तरी हे राहील," असं ती मला म्हणायची.

मेल्यावर काय काय राहतं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दीक्षितपुऱ्यात बांगड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भानुमतीकाकू राहायच्या. नवरा रेल्वेत होता, तो कधीच गेला. घरात मुलगा आणि सून पुष्पा. काकूंची बोली अस्सल वऱ्हाडी, पण मशीन समोर ठेवलं की बाई एकदम पुस्तकासारखं बोलायला लागायच्या. प्रणोती वैतागून गेली होती.

एका दुपारी तिला नवऱ्याचा, सुशांतचा फोन आला. ती बोलायला बाहेर जिन्यात गेली. रेकॉर्डर आत चालूच राहिला.

परत आली, तर काकू दाराशी ताट वाढून बसल्या होत्या. दाराची कडी काढलेली. पाठीमागे रेकॉर्डरचा लाल दिवा लुकलुकत होता.

काकूंनी तो दिवा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे चालू होतं काय वो?"

"हो काकू. काहून, काय झालं?"

"पुसून टाक. आत्ताच्या आत्ता पुसून टाक. मी माह्या बेबीले बोलावून राहिली होती."

बेबी ही काकूंची मुलगी. सहा वर्षांची असताना अशाच एका दुपारी खेळायला म्हणून गेली आणि तळ्यात सापडली. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. काकू मात्र रोज दुपारी तिचं ताट वाढायच्या, कडी काढायच्या आणि तिला हाक मारायच्या.

"ते घरचं बोलावणं आहे, बाई," काकू म्हणाल्या. "घराबाहेर गेलं, तं ती कुठं कुठं जाईन? जिथून हाक येईन तिथं जाईन ना लेकरू!"

प्रणोतीनं देवाशपथ पुसते म्हणून सांगितलं. आणि पुसलं नाही.

कारण घरी येऊन तिनं ते ऐकलं होतं. इतकी साफ, इतकी खरी बोली तिला वर्षभरात मिळाली नव्हती. तिची गाइड तर म्हणाली, हे सोनं आहे. बाकीची सगळी माणसं माइकशी बोलतात, ही एकटी बाई आपल्या माणसाशी बोलते आहे.

दिवाळीनंतर काकू वारल्या. मे महिन्यात प्रबंध द्यायची वेळ आली. संग्रहाच्या पानावर एक चौकोन होता... बोलणाऱ्याची परवानगी घेतली आहे. प्रणोतीनं त्यावर खूण केली. मेलेलं माणूस काय तक्रार करायला येणार आहे?

काकूंच्या हाकेची फाईल संग्रहात चढली. नीट चढली का, म्हणून तिनं ती तिथूनच लावून पाहिली.

दुपारची वेळ. सुशांत फॅक्टरीत. आतल्या खोलीत त्यांची पाच वर्षांची समिधा झोपलेली.

स्पीकरमधून काकूंची हाक आली.

"बेबे... ये वो माय... घरी ये... पोळी थंडी होऊन राहिली..."

मग कडी वाजल्याचा आवाज.

आणि मग...

"आली वो माय."

प्रणोतीला वाटलं, हेही रेकॉर्डिंगमध्येच आहे. तिनं फाईल थांबवली.

"आली."

आवाज आतल्या खोलीतून आला होता.

समिधा पलंगावर ताठ बसली होती. डोळे उघडे. आईकडे पाहून हसत होती.

आता इथं घाबरायचं सोडून प्रणोतीनं काय केलं असेल? ती आनंदानं नाचली! कारण ही पोरगी जन्मल्यापासून हिंदीच बोलायची. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून "मम्मी, पानी दो" याच्यापुढे गाडी जात नव्हती. मराठीवर पीएचडी करणाऱ्या बाईची लेक मराठी बोलत नाही, म्हणून नातेवाइकांनी तिला कमी टोमणे मारले नव्हते.

संध्याकाळी सुशांत म्हणाला, "अरे वा! तुझी पीएचडी तो घर में ही हो गई!" सासूबाईंनी फोनवरूनच नातीची दृष्ट काढली. मीसुद्धा शाब्बास म्हटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

आमच्या घरात आईला 'माय' कुणीच म्हणत नाही. मग पोरगी ते शिकली कुठून, हे एकानंही विचारलं नाही.

त्या आठवड्यात समिधा हिंदी विसरली. अगदी पुसल्यासारखी.

आवडीचं कार्टून लागलं तरी ती पाठ फिरवून दाराकडे तोंड करून बसायची. गरम पोळी ताटात पडली की सरकवून द्यायची. ती गार होऊन वातड झाली की खायची.

"गरम काहून वाढतं वो? मले थंडीचीच सवय आहे."

एके दिवशी प्रणोती भाजी चिरत होती. पाठीमागे कुणीतरी उभं आहे, असं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं, तर समिधा अगदी पाठीला लागून उभी.

ती आली कधी?

आणि मग प्रणोतीच्या लक्षात आलं...

पैंजणं वाजली नव्हती.

समिधाच्या पायात बाराही महिने चांदीची पैंजणं असायची. पोर कुठल्या खोलीत आहे, ते घरभर कळायचं. पैंजणं पायातच होती. प्रणोतीनं तिला चालायला लावलं. पोरगी चालली. पळायला लावलं. पळाली. घुंगरू हलताना दिसत होते.

आवाज नाही.

प्रणोतीनं पैंजणं काढून हातात हलवली. छुम छुम वाजली. परत पायात घातली.

पुन्हा काही नाही.

"काय पाहून राहिली, माय?" पोरीनं विचारलं.

प्रणोती पोरीला शेजारणीकडे सोडून तडक दीक्षितपुऱ्यात गेली. पुष्पानं दार अर्धंच उघडलं. बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"आल्या? मला वाटलंच होतं, येतील म्हणून."

"पुष्पाताई, काकूंची ती बेबी..."

"सासूबाई गेल्यावर मीच बोलावत होती तिला रोज. कडी वाजायची, ताटातली पोळी कमी व्हायची. पंधरा-वीस दिवस झाले, कडी वाजतच नाही. तुम्ही घेऊन गेल्या ना तिला?"

"माझ्या समिधाला काहीतरी होऊन राहिलं हो. तुम्ही या ना घरी, एकदा बोलावून न्या तिला. हात जोडते."

पुष्पा हसली. त्या हसण्यात दया नव्हती.

"मी काहून नेऊ? आमची पण पोरगी होती या घरात. तान्ही असतानाच नागपूरला मामाकडे ठेवली. काहून ठेवली असन, सांगा बरं? ती आली ना, की घरात एकच पोरगी राहते. दुसरीला जागा नाही होत. आता कुठं मी माझी पोरगी परत आणून राहिली. तुमची तुम्ही सांभाळा, दीदी."

आणि तिनं दार लावून घेतलं.

घरी येऊन प्रणोतीनं आधी संग्रहवाल्यांना लिहिलं. रेकॉर्डिंग परवानगीशिवाय ठेवलं गेलं आहे, ताबडतोब काढून टाका. त्यांचं उत्तर आलं, चौकशी करून दोन-चार दिवसांत काढू. प्रणोतीला हायसं वाटलं. हाकच उरली नाही, तर ती पोर जाईल जिथून आली तिथं, असा तिचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी आणखी एक ईमेल आला.

पाठवणारे हैदराबादचे कुणी भाषेचे अभ्यासक. दिवाकर नावाचे. त्यांनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं, की रेकॉर्डिंग अप्रतिम आहे, पण नोंदीत एक त्रुटी राहिली आहे. भाषा फक्त मराठी अशी दिली आहे. शेवटी एक लहान मुलगी हिंदीत बोलते, त्याचाही उल्लेख करावा.

प्रणोतीनं तो ईमेल पुन्हा वाचला. काकूंच्या घरात हिंदी बोलणारी मुलगी नव्हती.

तिनं आपल्या लॅपटॉपवरची मूळ फाईल लावली. काकूंची हाक, कडीचा आवाज, संपलं.

मग तिनं कानाला हेडफोन लावून संग्रहातली फाईल उघडली.

"बेबे... ये वो माय... पोळी थंडी होऊन राहिली..."

कडी वाजली.

शांतता.

आणि मग...

छुम. छुम. छुम.

पैंजणं. हळूहळू चालणारी, चाचपडत चालणारी. प्रणोतीला तो आवाज ओळखायला वेळ लागला नाही. रोज घरभर ऐकलेला आवाज होता.

"मम्मी?... मम्मी, यहाँ कोई नहीं है... दरवाज़ा खोलो ना..."

प्रणोती किंचाळली. स्क्रीनला हात लावून, समिधाच्या लाडक्या नावानं "सामी, सामी" करत राहिली. हेडफोनमध्ये पोर रडत होती. आणि त्या रडण्याच्या अगदी जवळ, कानाला तोंड लावल्यासारखा, दुसरा आवाज आला.

"पुसून टाक म्हटलं होतं ना तुले?"

काकूंचा आवाज. त्यात राग होता, आणि समाधानही होतं.

त्यानंतर प्रणोतीनं जे केलं, त्यावर लोक तिला वेडी म्हणतात. आदल्या दिवशी जी फाईल काढा म्हणून ती भांडत होती, तीच काढू नका म्हणून तिनं संग्रहवाल्यांचे पाय धरले. ईमेलवर ईमेल. फोनवर रडली. माझी चूक झाली, परवानगी आहे, सगळं आहे, फक्त काढू नका. पोर तिथं आहे, हे कसं सांगणार? फाईल गेली, तर पोर कुठं जाणार?

त्यांनी काढली नाही. ती अजून तिथंच आहे. कासवं, भूकंप आणि खोकल्याच्या शेजारी.

प्रबंध तिनं दिलाच नाही. सुशांतला हेडफोनमध्ये काकूंच्या हाकेपुढे काहीच ऐकू येत नाही. "लड़की सामने बैठी है, और तू मशीन में ढूँढ रही है!" असं म्हणून तो चिडतो, आणि मग स्वतःच बाहेर जाऊन उभा राहतो. पोरीला एकट्यानं जवळ घ्यायचं मात्र तो टाळतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. दुपारची जेवणं झाली. प्रणोतीनं एक ताट वाढून दाराशी ठेवलं. लॅपटॉप उघडून त्याच्या शेजारी ठेवला. दाराची कडी काढली. तिचे केस पांढरे झालेत हो. पस्तिशीची बाई.

फाईल संपत आल्यावर तिनं लॅपटॉपकडे वाकून हाक मारली.

"सामी... आ जा बेटा... घर आ जा... रोटी ठंडी हो रही है..."

मी देवाचं नाव घेत बसले होते. मला काही ऐकू येऊ नये, असंच वाटत होतं.

पण आलं.

फार लांबून. छुम... छुम...

तेवढ्यात माझ्या बाजूनं कुणीतरी गेलं. पावलांचा आवाज नाही, पैंजणांचा नाही. समिधा ताटासमोर मांडी घालून बसली. गार पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि आईकडे पाहून गोड हसली.

"मी तं इथंच आहे ना, माय. कोणाले बोलावून राहिली?"

मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला परतले. घरात पाय टाकल्या टाकल्या लेकीला म्हटलं, जरा चालून दाखव गं. ती हसली, पण चालली. पैंजणं वाजली. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

त्या फाईलचा पत्ता मला कुणी मागू नका. मी देणार नाही.

पण ती हाक मीही त्या खोलीत बसून ऐकली आहे. लेक म्हणते, आई, आता मोठी झाले, पैंजणं काढते. मी काढू देत नाही. दुपारी ती झोपून उठली, की मी हातातलं काम टाकते आणि कान देऊन बसते.