खिडकीतली खिडकी

परभणीच्या स्टेशन रोडला चन्नबसम्माचं काचेचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, आरसे, ट्रकच्या पुढच्या काचा, जे येईल ते ती कापायची. बाई काच कापते म्हणून सुरुवातीला लोक रस्त्यात उभं राहून बघायचे. बघून बघून कंटाळले आणि मग गिऱ्हाईक म्हणून येऊ लागले. हिऱ्यानं रेघ ओढायची, खालून हलकी टिचकी द्यायची, काच रेघेवर सुटते. काच कशी वागते हे तिला पक्कं ठाऊक होतं. माणसांबद्दल तिनं असा दावा कधी केला नाही.

दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, धोंडप्पाचं. उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर त्यानं याच धंद्यात गमावलेलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा एका वस्तीतली घरं जळताना त्यानं पाहिली. रॉकेलचे डबे पेडगावचे बडे बागायतदार दिनकरराव यांच्या जीपमधून उतरले, तेही पाहिलं. साक्ष देणार, असं तो चारचौघांत बोलून गेला. त्यानंतर आठ दिवसांनी दिनकररावांच्या विलायती गाडीच्या काचेचं माप घ्यायला म्हणून पेडगावच्या वाटेला लागला आणि परत आलाच नाही. दिनकरराव म्हणाले, तो माझ्याकडे पोचलाच नाही. पोलीस म्हणाले, दंगलीचे दिवस आहेत, गेला असेल हैदराबादला पळून.

नवरा पळाला, हे चन्नबसम्मानं एक दिवसही मान्य केलं नाही. भाऊबंद येऊन समजावत, कुंकू तरी पूस, नाहीतर त्याच्या नावानं रडणं तरी सोड. ती कपाळावर भस्म लावायची, त्याखाली ठसठशीत कुंकू लावायची आणि म्हणायची, "आपल्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. माझा माणूस कुठं बसलाय ते दावा, मंग पुसते."

सात वर्षांनी, पंच्याऐंशीच्या चैत्रात, तीच गाडी तिच्या दुकानासमोर येऊन थांबली.

गाडी कमरेइतकीच उंच. स्टिअरिंग डाव्या हाताला, दारं बाजूला न उघडता वर जाणारी. बाजूची काच अख्ख्या दाराएवढी, पण ती खाली होत नसे, कारण दार इतकं तिरकं की आत काच उतरायला जागाच नव्हती. म्हणून बनवणाऱ्यानं त्या मोठ्या काचेतच एक बारकी खिडकी ठेवली होती, वीतभर उंच, दोन वीत रुंद, सरकवून उघडायची. ती चारच बोटं सरकायची, त्यातून फक्त एक हात बाहेर निघावा. एवढा थाट करून शेवटी देवळीएवढी खिडकी, याचं चन्नबसम्माला हसू आलं असतं, पण गाडीतून दिनकरराव उतरले.

"शेजारच्या बाजूची काच तडकली," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "नवी बसव. पण ही बारकी खिडकी नको. सलग काच पाहिजे."

"का?"

"वारा शिट्टी मारतो."

तिनं बारक्या खिडकीची चौकट पाहिली. ती पक्की बंद राहावी म्हणून कुणीतरी आठ स्क्रू ठोकले होते आणि आठही मुळाशी तुटले होते. शिट्टी मारणारा वारा स्क्रू तोडत नाही.

"खरं काय ते सांगा."

दिनकररावांनी रुमालानं मान पुसली. "आपोआप उघडायली. आधी चालत्या गाडीत उघडायची. आता उभ्या गाडीतबी."

नांदेडच्या मिस्त्रीनं गाडी दोन दिवसांत परत पाठवली होती. का, ते सांगितलं नव्हतं. एवढी जाड काच कापणारं दुसरं कुणी जवळपास नव्हतं, म्हणून त्यांची पावलं इकडे वळली होती. नाहीतर सात वर्षं ते हा रस्ता टाळूनच जायचे.

नाही म्हणून हाकलून द्यावं, असं तिला आतून वाटलं. पण ही गाडी ज्याच्या मापासाठी धोंडप्पा गेला ती. ती म्हणाली, "ठेवून जा."

काच सपाट होती हे नशीब. तिनं सलग काच कापली, कडा घासल्या, रबर लावून बसवली. सकाळी बघते तर काचेत तडा. तडा जाणं नवलाचं नाही. चौकट आवळली की काच बोलते. पण हा तडा वीतभर उंच आणि दोन वीत रुंद असा बरोबर चौकोन होता.

तिनं चौकट तपासली. खिळा नाही, खडा नाही. दुसरी काच चारी बाजूंनी सूतभर कमी कापली, म्हणजे फुगायला जागा राहील. ती दुपारपर्यंत टिकली. जेवून येते तर चौकोनाचा तुकडा सुटून सीटवर पडला होता. तिनं कडेवरून अंगठा फिरवला. फुटलेली काच बोट कापते. ही कड घासलेली होती, तिच्या दुकानात घासतात तशी.

तिसऱ्या काचेला तिनं तीन दिवस लावले. गाडी सावलीत घेतली, दाराला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली.

काच बसवल्यावर त्या दुकानात एक रिवाज होता, धोंडप्पानं घालून दिलेला. काचेवर तोंडानं हाय करायचं आणि तिरकं बघायचं. कुठं बोट लागलेलं असलं की वाफेत उमटतं. मग कोरड्या वर्तमानपत्रानं पुसायचं. ती दार वर करून आत वाकली आणि काचेच्या आतल्या अंगावर हाय केलं.

वाफेत बोटं उमटली.

चार बोटं, बारक्या खिडकीची खालची कड जिथं असायची बरोबर तिथं. गाडीत बसलेल्या माणसानं कडेला धरून बाहेर बघावं, तशी. पहिलं बोट एका पेरानं आखूड होतं.

आणि तिच्या हातानं ती पुसून टाकली. पंचवीस वर्षांची सवय, धोंडप्पाच्या हाताखाली लागलेली. वर्तमानपत्राचा बोळा काचेवरून फिरलासुद्धा, मग तिच्या ध्यानात आलं की आपण काय पुसलं. तिनं पुन्हा हाय केलं, पुन्हा पुन्हा केलं, छातीत कळ येईपर्यंत. काच लख्ख होती.

ती तिथंच बसली आणि स्वतःला शिव्या देत रडली. सात वर्षं जे मागत होती ते समोर आलं आणि तिनं ते रद्दीच्या कागदानं साफ केलं.

तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला.

खालच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ निघाली. सरळ वर आली. वीतभर आली आणि वळली. काच कधी काटकोनात वळत नाही, हे चन्नबसम्माइतकं परभणीत कुणाला ठाऊक नव्हतं. रेघ वळली, दोन वीत आडवी गेली, पुन्हा वळली, खाली उतरली आणि जिथून निघाली तिथं येऊन मिळाली.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला राग आला, दिनकररावांचा, पोलिसांचा, कुंकू पूस म्हणणाऱ्या सगळ्यांचा. आणि रागाच्या मागोमाग सात वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

डोळे पुसून तिनं चौथी काच घेतली. तिच्यात बारकी खिडकी कापली. नवी पट्टी लावली, तेल सोडलं, करंगळीनं सरकेल इतकी हलकी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकरराव आले. काच बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बुजवायला सांगितलं होतं."

"न्हाई बुजवत."

"गाडीचा मालक मी हाय, बाई."

"गाडी तुमची. त्या बाजूला बसणारा तुमचा न्हाई."

"धोंडप्पा ह्या गाडीत कधी बसलाच न्हाई."

चन्नबसम्मा हातातला हिरा खाली ठेवत म्हणाली, "मी नाव घेतलं का त्यांचं?"

रस्त्यावर एक टांगा गेला. मग दिनकरराव गाडीत बसले. तिनं शेजारचं दार खाली ओढून लावलं. बारकी खिडकी बंद होती, ती बोटभर सरकली. तिनं हात लावला नव्हता. दिनकररावांनी त्या बाजूला मान वळवली नाही. गाडी पेडगावच्या रस्त्याला लागली.

संध्याकाळी उजेड असतानाच मुंजाजी दुकानात आला. तो त्या रस्त्यावरच्या रेल्वे गेटावर गेटमन होता, साधा माणूस, उगाच बोलणारा नव्हे. तो उंबऱ्यापाशीच बसला.

"अक्का, सकाळी दिनकररावांच्या संगं कोण होतं?"

"का रे?"

"गेट लागलेलं. गाडी उभी होती. शेजारच्या बारक्या खिडकीतून हात बाहेर आला, पसा करून. पाणी मागायला लागलेत वाटलं. तांब्या आत जाईना, म्हणून हातावर वतलं. तीन तांबे वतले. खाली थेंब पडला न्हाई."

चन्नबसम्मानं हातातली काच खाली ठेवली.

"मालगाडी गेली. मी गेट उघडलं, तर दिनकरराव म्हणायलेत, मुंजाजी, गेट लाव. पाया पडतो, गेट लाव. मला काय कळंना. मंग त्या हातानं खूण केली, चला म्हणून. गाडी निघाली."

"मळ्याकडं?"

"न्हाई. जुन्या दगडाच्या खदानीकडं. तिकडं रस्ताच न्हाई, अक्का. रानातून गेली. हात बाहेरच होता, वाट दावायला होता. अजून माघारी आली न्हाई."

ती उठली. भस्माची डबी घेतली, पांढरं कापड घेतलं, कोपऱ्यातलं फावडं घेतलं. दुकानाला कुलूप लावलं.

"मुंजाजी, हे जे पाहिलंस ते उद्या ठाण्यात सांगशील?"

"सांगतो. भ्यायचं काय, पाहिलंय ते पाहिलंय."

"मग चल. आधी खदान दाव."

दोघं गेटाच्या दिशेनं चालू लागली. गेट दिसू लागलं.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "गाडी रानात शिरली तवा दिनकरराव माझ्याकडंच बघायले होते. मला हात जोडले होते. दोन्ही."

ती थांबली.

"नजरंआड होईस्तोवर," मुंजाजी म्हणाला, "दोन्ही हात जोडलेलेच होते. अन् गाडी एकेक दगड चुकवत चाललेली."